वॅट किती, आणि किती वेळ?

(रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आता तुम्ही वाचायला शिकलात. एस.टी.वरचे गावाचे नाव वाचता, विजेच्या बिलावरचा आकडा वाचता. फार चांगले झाले. पण वाचता येणे ही पहिली पायरी. वाचलेले खरे किती, हे पारखता येणे ही दुसरी पायरी. आज आम्ही त्या दुसऱ्या पायरीविषयी बोलणार आहोत. त्यासाठी विषय घेतला आहे बॅटरीवर चालणाऱ्या मालाच्या तीनचाकी गाडीचा.

ही गाडी तुम्ही पाहिलीच असेल. पुढे एक चाक, मागे दोन चाके, आणि मागे माल ठेवायला हौदा. कायद्यात तिला ई-कार्ट म्हणतात. कुणी तिच्यावर भाजी विकतो, कुणी दुधाचे कॅन नेतो, कुणी पाण्याचे जार पोचवतो. पेट्रोल नको, धूर नाही, कानठळ्या बसवणारा आवाज नाही. रात्री दारात चार्जिंगला लावली की सकाळी तयार.

आम्ही या गाडीच्या विरुद्ध नाही. चांगली गाडी मिळाली तर गरिबाच्या संसाराला तिचा मोठा हातभार लागतो. पण ती घेताना कुणी बँकेचे कर्ज काढतो, कुणी बचत गटाकडून पैसे उचलतो, कुणी बायकोचे डोरले गहाण ठेवतो. एवढ्या पैशाची वस्तू नुसत्या रंगीत चिकटपट्टीवरचा आकडा वाचून घ्यायची का? चिकटपट्टी सांगते, '२००० वॅट, दणकट मोटर'. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, कोणताही चढ सोडणार नाही!" आणि गाडी पहिल्याच घाटात धापा टाकते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

वॅट म्हणजे काय?

वॅट हे ताकद मोजायचे माप आहे. धान्य किलोने मोजतो, दूध लिटरने मोजतो, तशी विजेची ताकद वॅटने मोजतो. घरातला एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो.

हे नाव जेम्स वॅट नावाच्या माणसावरून पडले. हा स्कॉटलंडचा कारागीर. त्याने वाफेचे इंजिन सुधारले. त्या काळी तिकडे खाणीत आणि गिरणीत घोडे जुंपत. इंजिन विकायचे तर गिऱ्हाईक विचारणार, "हे किती घोड्यांचे काम करील?" म्हणून त्याने घोड्याच्या कामाचे माप ठरवले. तेच हॉर्सपॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

हॉर्सपॉवर तुम्हाला नवी नाही. विहिरीवरचा पंप तीन हॉर्सपॉवरचा की पाचचा, हे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असते. पाचचा पंप म्हणजे सुमारे ३७०० वॅट. त्याच्या पाटीवर ३.७ किलोवॅट असे लिहितात. एक किलोवॅट म्हणजे १००० वॅट.

दम आणि हिसका

आता खरा मुद्दा ऐका. बैलगाडी चिखलात रुतते. गाडीवान हाळी देतो. बैल मान खाली घालतात, गुडघे टेकतात, आणि एका हिसक्यात गाडी बाहेर काढतात. त्या क्षणी त्यांनी किती ताकद लावली? पुष्कळ. पण तसा हिसका त्यांना दिवसभर देता येईल का? चार वेळा दिला तरी बैल खाली बसतील. दिवसभर औत ओढताना तीच जोडी सुमारे एक हॉर्सपॉवरने चालते.

माणसाचेही तेच आहे. रोज सायकल मारून पोट भरणारा माणूस दिवसभर साधारण ७५ वॅटची ताकद लावतो. शर्यतीतला पैलवान गडी काही सेकंद हजार वॅटही लावील. पण मग त्याला बसावे लागते.

म्हणजे ताकद दोन तऱ्हेची झाली. एक दमाची, दुसरी हिसक्याची. दमाची ताकद सलग टिकते. हिसक्याची ताकद घटकाभरही टिकत नाही.

मोटरही अशीच असते. १००० वॅट दमाची मोटर एखादा मिनिट २००० वॅटही देईल. ती थकत नाही, पण तापते. मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तारेवर रोगणाचा पातळ थर असतो. तारेतून वीज जास्त गेली की तार तापते. आणि विजेचा प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होऊन थांबत नाही, ती चौपट होते. रोगण करपते, वेढे एकमेकांना चिकटतात, जळका वास येतो. मग मेकॅनिक सांगतो, "मोटर जळली." पंप जळालेला ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून नुसते '२००० वॅट' हे अर्धेच वाक्य आहे. पुरे वाक्य असे पाहिजे: '२००० वॅट, इतका वेळ'. 'शेत नांगरले' एवढे म्हणून काय कळणार? एका दिवसात किती नांगरले ते सांगायला पाहिजे. हे तसेच आहे.

आपल्या मोटारवाहन नियमांत 'तीस मिनिटांची ताकद' असा शब्द आहे. मोटर सलग अर्धा तास जी ताकद देऊ शकते, ती ही. ती मोजायची रीत भारतात ठरलेली आहे. तिला एआयएस ०४१ म्हणतात. पुण्याला ए.आर.ए.आय. नावाची संस्था १९६६ सालापासून आहे. तिथे गाड्यांच्या अशा तपासण्या होतात. म्हणजे खरा आकडा कुणालाच कळत नाही, असे नाही. तो कागदावर मिळू शकतो. आपण मागत नाही, एवढेच.

आकडा फुगवतात का?

गाडी विकायची असते म्हणून. दोन दुकाने शेजारी. एकाची चिकटपट्टी १००० सांगते, दुसऱ्याची २०००. गिऱ्हाईक कुठे जाईल? दोन्ही मोटरी आतून सारख्या असतील. पहिल्याने दमाची ताकद लिहिली, दुसऱ्याने हिसक्याची. पहिला खरे बोलून मागे राहिला.

गाडीला ताकद लागते तरी किती? समजा गाडी, चालवणारा आणि माल मिळून वजन ६०० किलो झाले. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला सुमारे ६०० वॅट पुरतात. आता चढ आला. वीस पावले पुढे गेल्यावर एक पाऊल वर नेणारा चढ. तिथे नुसत्या १० किलोमीटरच्या वेगाला हजारावर वॅट लागतात. दहा पावलांना एक पाऊल असा चढ असेल, तर त्याच वेगाला १९०० च्या आसपास लागतात.

शहरातल्या सपाट रस्त्यावर फुगवलेला आकडा उघडा पडत नाही. तो पडतो घाटात, नदीच्या उतारावरून वर येताना, पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच गावात.

कुणी म्हणेल, "आम्ही हळू चालवू." हळू चालवल्याने वॅट कमी लागतात, हे खरे. पण चढावर गाडीला ओढ तितकीच लागते. गाडीला चढाचा गिअर नसेल, तर तितकी ओढ द्यायला मोटर प्रवाहही तितकाच घेते आणि तितकीच तापते. म्हणून घाटातल्या माणसाने गाडीला चढाचा गिअर आहे का, हेही विचारावे.

आकडा लपवतात का?

आता उलटी तऱ्हा पाहा. काही जण आकडा फुगवत नाहीत, उलट कमी करून सांगतात. हेही कुणाच्या तरी फायद्याचेच असते.

आपल्या नियमात एक सवलत आहे. जिची तीस मिनिटांची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, अशी हलकी बॅटरीची गाडी मोटारवाहन धरली जात नाही. तिला नंबर लागत नाही, लायसन लागत नाही. ही सवलत हलक्या सायकलीसारख्या गाड्यांसाठी आहे. पण काही विक्रेते लोखंडी हौद्याच्या जड तीनचाकीला '२५० वॅट' अशी पाटी लावतात आणि म्हणतात, "पासिंग नको, लायसन नको, विमा नको. चावी घ्या आणि निघा!"

हे किती महाग पडते, ते दिल्लीने पाहिले आहे. तिथे बॅटरीच्या रिक्षा हजारोंनी रस्त्यावर आल्या. त्या २५० वॅटच्या आतल्या आहेत, म्हणून नोंदणी नको, असे सांगितले जाई. तपासणी झाली तेव्हा मोटरी पुष्कळ जास्त ताकदीच्या निघाल्या. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या रिक्षा बंद केल्या. ज्यांनी कर्ज काढून रिक्षा घेतल्या होत्या, त्यांची चाके एका दिवसात थांबली. पाटी लावणारा पैसे घेऊन मोकळा झाला होता. हप्ते मात्र रिक्षावाल्याच्या गळ्यात राहिले.

त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांचे नियम केले. मालाच्या ई-कार्टला ३१० किलोपर्यंत माल, ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग आणि २००० वॅटपर्यंत मोटर, अशी हद्द ठरली. २०१५ साली मोटारवाहन कायद्यातच दुरुस्ती झाली. तिच्यात ४००० वॅटपर्यंतची गाडी या वर्गात धरली आहे. या गाड्यांना नोंदणी, लायसन आणि विमा लागतो. याहून मोठ्या आणि वेगवान मालवाहू तीनचाकी गाड्यांचा वर्ग निराळा आहे. आपली गाडी कोणत्या वर्गात बसते, हे घेण्याआधी आर.टी.ओ.च्या कचेरीत विचारून घ्यावे.

"नोंदणी टळली, चार पैसे वाचले," असे कुणाला वाटेल. पण पुढचा विचार करा. बाजारात गाडीने एखाद्या म्हाताऱ्याला धक्का दिला. त्याचा पाय मोडला. गाडीला विमा नाही. भरपाई कोण देणार? गाडीचा मालक. दोन एकर असतील तर त्यातला एक विकून देणार. "दुकानदाराने २५० वॅट सांगितले होते," हे तेव्हा कुणी ऐकून घेणार नाही. कायद्याच्या नजरेत गाडी कशी आहे ते पाहतात. चिकटपट्टी कशी आहे ते पाहत नाहीत.

लहान आकडा दिसला की ती लबाडीच, असेही समजू नका. युरोपातल्या देशांत पायडल मारायच्या मोटरसायकलींना, मालाच्या तीनचाकी सायकलींनासुद्धा, २५० वॅट दमाची आणि २५ किलोमीटर वेगाची हद्द आहे. तिथल्या चांगल्या मोटरी २५० ची पाटी लावूनही चढावर क्षणभर दुप्पट ताकद देतात. ते नियमाला धरून आहे, कारण तिथला नियम दमाची ताकद मोजतो. तेव्हा आकडा लहान की मोठा, यावर लबाडी ठरत नाही. तो दमाचा की हिसक्याचा, हे सांगितले की लपवले, यावर ती ठरते.

पारख कशी करायची?

आता पाटी-पेन्सिल घ्या. गुणाकार तुम्हाला येतो. तोच इथे कामाचा.

विजेत दोन मापे असतात. व्होल्ट आणि ॲम्पिअर. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. तो व्होल्ट समजा. नळ जितका मोठा, तितकी धार मोठी. ती ॲम्पिअर समजा. जोर आणि धार यांचा गुणाकार केला की वॅट निघतात.

गाडीत कंट्रोलर नावाचा एक डबा असतो. बॅटरीतून मोटरला वीज किती सोडायची, ते हा डबा ठरवतो. त्याच्यावरही पाटी असते. समजा तिच्यावर ४८ व्होल्ट आणि जास्तीत जास्त २५ ॲम्पिअर लिहिले आहे. ४८ गुणिले २५ म्हणजे १२००. बॅटरीतून १२०० वॅटपेक्षा जास्त निघणारच नाहीत. त्यातले काही वाटेत उष्णता होऊन जातात. पाच भागांतले चार भाग चाकाला मिळाले असे धरा. राहिले ९६०. आता बाहेरची चिकटपट्टी २००० सांगत असेल, तर तुम्हीच सांगा, उरलेले वॅट कुठून येणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येईल?

दुसरा हिशेब बॅटरीचा. विजेच्या बिलावर युनिट असतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. समजा गाडीत ४८ व्होल्ट आणि १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे. ४८ गुणिले १०० म्हणजे ४८००. म्हणजे ४.८ युनिट. दुकानदार म्हणतो, "२००० वॅटची मोटर, पूर्ण जोराने पाच तास चालते." दोन हजाराने पाच तास म्हणजे १० युनिट. कणगीत पाचही पायली धान्य नाही आणि हा दहा पायली काढून देतो म्हणतो! शिवाय शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. तेव्हा ४.८ मधलेही सगळे आपले नाहीत.

तिसरी पारख रस्त्यावरची. बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. गाडीलाही तेच करा. दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पळवून काही कळत नाही. आपण रोज जितका माल नेणार, तितके वजन हौद्यात भरा. कागदावर लिहिलेल्या वजनाच्या वर जाऊ नका. मग आपल्या रोजच्या रस्त्यासारखा चढ घ्या आणि अर्धा तास चालवा. वेग अगदी पडतो का? करपल्याचा वास येतो का? गाडी मध्येच आपोआप बंद होते का? मोटरला हात लावून पाहू नका, चटका बसेल. दुकानदार असे चालवून पाहू देत नसेल, तर गाडी त्याच्याच दारात राहू द्या.

चौथी गोष्ट कागदाची. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. बिलावर आणि गॅरंटीच्या कागदावर मोटरची सलग ताकद, कंट्रोलरचे ॲम्पिअर, बॅटरीचे व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास लिहून घ्या. गाडीच्या मंजुरीचे प्रमाणपत्र मागा आणि ते आर.टी.ओ.च्या कचेरीत दाखवा. जाहिरातीचा कागदही फेकू नका. बिलासोबत पेटीत ठेवा.

तरीही फसवले गेलो तर?

नशिबाला दोष देऊन गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते. १९१५ हा सरकारी ग्राहक मदतीचा फोन नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येते. त्याने काम झाले नाही, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे अर्ज करा. गाडीला पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर फी लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे.

कुणी सांगेल, "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही." घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू असेल, तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. आयोगापुढे जाताना ते आणि पेटीतले कागद, ही तुमची हत्यारे.

एवढे लक्षात ठेवा

नुसता वॅटचा आकडा अर्धा आहे. किती वेळ, हे विचारा.
कंट्रोलरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा गुणाकार करा. चिकटपट्टीशी ताडून पाहा.
भरल्या गाडीने, आपल्या चढावर, अर्धा तास चालवून मग पैसे द्या.
'पासिंग नको' असे कुणी म्हटले, तर आर.टी.ओ.त विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका.
जे बोलले ते कागदावर घ्या.

घरी करायचा हिशेब

एका गाडीच्या कंट्रोलरवर ६० व्होल्ट आणि जास्तीत जास्त ३० ॲम्पिअर लिहिले आहे. बाहेर चिकटपट्टीवर २५०० वॅट लिहिले आहे. बॅटरीतून जास्तीत जास्त किती वॅट निघतील? पाचातले चार भाग धरले तर चाकाला किती मिळतील? चिकटपट्टी खरी की खोटी? उत्तर पाटीवर लिहून आणा. उद्याच्या वर्गात आपण ते सगळ्यांसमोर तपासू. आणि गावात कुणी अशी गाडी घ्यायला निघाला असेल, तर त्यालाही सोबत घेऊन या.